धावता धावता कोसळणारा लॅब्रॅडॉर

लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा आपल्याकडे आता कुणाला नवा राहिलेला नाही. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्या काळात लपवून ठेवलेली स्फोटकं हुंगून काढणारा पोलिसांचा ‘जंजीर’ याच जातीचा. आज सोसायटीत, बंगल्यात, शेतावरच्या घरात हा कुत्रा सर्रास दिसतो. प्रेमळ, खादाड आणि खेळायला सदैव तयार. चेंडू फेका, आणून देईल. पुन्हा फेका, पुन्हा आणून देईल. हा स्वभाव पिढ्यान् पिढ्या घडवलेला आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली काम करणारे कुत्रे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेले. तिथल्या उमरावांनी ते शिकारीसाठी जोपासले. गोळी लागून पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणायचा, हे त्यांचं काम. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली.

या गुणी कुत्र्यांपैकी काहींना एक विचित्र विकार असतो. पशुवैद्यक म्हणून त्याची हकिगत ऐकताना मला मालकाच्या आवाजातला गोंधळ आधी जाणवतो. ‘डॉक्टर, अहो, वर्षभराचा आहे, ठणठणीत आहे. दहा मिनिटं चेंडू खेळला आणि मागचे पायच गेले. अर्ध्या तासाने पाहतो तर काही झालंच नाही जणू!’ दवाखान्यात आणेपर्यंत कुत्रा शेपूट हलवत उभा असतो. रक्त तपासलं, हृदय तपासलं, तरी सारं व्यवस्थित.

या विकाराचं नाव आहे ‘एक्सरसाइज इंड्यूस्ड कोलॅप्स’. व्यायामाने येणारी कोसळ, असं आपण म्हणू. साधारण पाच ते पंधरा मिनिटं जोराचा, उत्तेजित करणारा खेळ झाला की कुत्र्याची चाल डगमगते. मागचे पाय लुळे पडतात, ओढले जातात. काही वेळा पुढचे पायही साथ सोडतात. वेदना मात्र नसतात. बहुतेक कुत्रे पूर्ण शुद्धीत असतात. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, पण मागचे पाय फरफटत असतानाही काही कुत्रे चेंडूच्या मागे जायचं सोडत नाहीत. विश्रांती मिळाली की पाच ते पंचवीस मिनिटांत बहुतेक जण पूर्ववत होतात. पण सगळेच होत नाहीत. अशा झटक्यात किंवा त्यानंतर लगेच काही कुत्रे दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच हा विषय आज घेतला.

१९९० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातले प्रशिक्षक या प्रकाराने हैराण झाले होते. कोसळणारे कुत्रे मरतुकडे नव्हते. उलट ते सर्वांत चपळ, सर्वांत उत्साही होते. कुणी म्हणे उष्माघात, कुणी म्हणे स्नायूंचा रोग, कुणी म्हणे साखर कमी पडते. कॅनडातील सस्कॅचवान विद्यापीठात डॉ. सुसान टेलर यांनी अशा कुत्र्यांचा बारकाईने अभ्यास केला. झटक्याच्या वेळी त्यांचं तापमान १०६ अंश फॅरनहाइटच्या पुढे जातं, असं दिसलं. पण तेवढाच व्यायाम केलेल्या निरोगी लॅब्रॅडॉरचंही तापमान तसंच चढतं! म्हणजे नुसत्या उष्णतेने कोडं सुटत नव्हतं. अखेर २००८ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह मूळ शोधलं. दोष होता ‘डायनामिन १’ नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात.

हे प्रथिन काय करतं? पूर्वी दूधकेंद्रावर रिकाम्या बाटल्या परत दिल्या की भरलेल्या मिळत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चेतातंतूंच्या टोकाशीही असाच व्यवहार चालतो. संदेश पोचवणारं रसायन इवल्याशा पिशव्यांत भरलेलं असतं. पिशवी रिती झाली की ती परत आत ओढून घ्यायची आणि पुन्हा भरायची. ती आत ओढून तोडून घेण्याचं काम डायनामिनचं. एरवी चालताना, बसता-उठताना मागणी कमी असते, त्यामुळे सदोष प्रथिनावरही निभावून जातं. पण कुत्रा उत्तेजित होऊन सुसाट धावू लागला, अंग तापलं, की मागणी एकदम वाढते. रिकाम्या पिशव्या वेळेवर परत येत नाहीत, संदेश तुटतो आणि पाय लुळे पडतात, असं मानलं जातं. फळमाशीतही याच जातीच्या प्रथिनात बिघाड असलेला एक प्रकार शास्त्रज्ञांना १९७० च्या दशकापासून ठाऊक होता. उष्णता वाढवली की ती माशी लुळी पडते, थंडावा मिळाला की पुन्हा उडते. तिच्या त्या जनुकाला ‘शिबिरे’ हे जपानी नाव आहे. अर्थ, बधिरपणा.

हा दोष आनुवंशिक आहे, आणि त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. दोन्ही सदोष असतील तरच विकार होतो. एकच सदोष असेल तर कुत्रा निरोगी राहतो, पण दोष पुढे देऊ शकतो. त्याला ‘वाहक’ म्हणतात. दोन वाहकांचा संयोग झाला तर सरासरीने चारातलं एक पिल्लू विकारग्रस्त, दोन वाहक आणि एक निर्दोष निघतं. वाहक आणि निर्दोष यांच्या संयोगातून मात्र विकारग्रस्त पिल्लू होत नाही. अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे तीस टक्के लॅब्रॅडॉर वाहक आढळले. पाहून वाहक ओळखता येत नाही. जनुकीय तपासणी मात्र २००८ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी थोडं रक्त किंवा गालाच्या आतून बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो.

इथे माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. वाहक निघाला म्हणून कुत्र्याला बाद करू नका. सगळेच वाहक बाजूला काढले तर जातीतले चांगले गुणही त्यांच्याबरोबर जातील. निर्दोष जोडीदार निवडला की काम भागतं. विकारग्रस्त कुत्राही टाकून देण्याची गरज नाही. त्याची पैदास करू नये, एवढंच. शांतपणे फिरवणं, रमतगमत चालणं त्याला सहसा मानवतं. टाळायचा तो उत्तेजित करणारा सुसाट खेळ, विशेषतः उन्हाळ्यात. पाण्यात पोहताना झटका आला तर कुत्रा बुडू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

कुत्र्याचे मागचे पाय डगमगताना दिसले तर त्याच क्षणी खेळ थांबवा. ‘एकदाच फेकतो’ असंही म्हणू नका. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी घाला, वारा द्या. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. आणि प्रत्येक कोसळणं हाच विकार आहे, असं समजू नका. आपल्याकडच्या उन्हात उष्माघाताची शक्यता कायम असते. हृदयविकार आणि फिटही असू शकते. कुत्र्याची शुद्ध हरपली, उलट्या-जुलाब झाले, हिरड्या लालभडक झाल्या किंवा तो लवकर सावरला नाही, तर थांबू नका. अंग भिजवत भिजवतच दवाखाना गाठा. झटका मोबाइलवर टिपता आला तर जरूर टिपा. दवाखान्यात आलेला कुत्रा ठीकच दिसतो, अशा वेळी ते चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

पिल्लू घेताना आपण रंग पाहतो, डोकं पाहतो, आईबापांची वंशावळ मागतो. त्याबरोबर त्या दोघांच्या या तपासणीचा कागदही मागा. गिऱ्हाईक मागू लागलं की पैदास करणारेही तपासणी करू लागतील. दोन जणांचा नमुना तपासण्याचा खर्च पुढच्या सगळ्या पिल्लांना या विकारातून वाचवतो. लॅब्रॅडॉरला थांबणं माहीत नसतं. त्याच्या वतीने ते भान आपणच ठेवायला हवं.