गोठण्याने काढलेली नक्षी

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. तिकडे उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जमीनच कायमची गोठलेली; उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो. तिथल्या न्यू-ओलेसुंडला १ जुलै २००८ रोजी भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र सुरू झालं. कारभार मात्र आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

न्यू-ओलेसुंड ज्या द्वीपकल्पावर आहे, त्याच्या टोकाला क्वादेहुकस्लेटा नावाचं मैदान आहे. कुणी मुद्दाम रचावीत तशी दगडांची गोल कडी तिथे दिसतात, काही मीटर रुंद. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतंच. पण खरी करामत बारीक मातीची. ती खालचं पाणी ओढून घेते, त्याच्या बर्फाच्या चकत्या बनतात, जमीन उचलली जाते आणि दगड हळूहळू कडेला सरकतात. शेकडो वर्षं हेच चाललेलं.

या उलथापालथीत मधल्या रोपांची मुळं उखडतात. कडेला मात्र शेवाळ जम धरतं, आणि आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडंही. शेवाळाचा थर जाड झाला की थंडी आत उशिरा शिरते, जमीन कमी उचलली जाते, आणि मग आणखी रोपं तगतात.