आनुवंशिक रक्तदोष आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

एखादें मूल आनुवंशिक रक्तदोष घेऊन जन्मलें म्हणजे आईबापांना स्वस्थ बसवत नाहीं. कुणाला वरचेवर रक्त चढवावें लागतें, तर कुणी हाडें दुखून रात्ररात्र तळमळतें. अशा वेळीं कुणी हितचिंतक अँटिऑक्सिडंट गोळ्यांची बाटली सुचवितो. "जीवनसत्त्वच तें! गुण न आला तरी अपाय कसला?" या समजुतीचा आज आपण थोडा विचार करूं.

लोखंडाला हवेनें गंज चढतो. त्याच जातीची क्रिया शरीरांतही चालू असते. तांबड्या रक्तपेशींत लोह आणि प्राणवायु एकत्र नांदतात, म्हणून त्यांना तिचा उपद्रव विशेष. निरोगी पेशी तो निवारते; सदोष पेशी दुबळी पडून अकालीं फुटते. तेव्हां गंज रोखणारा पदार्थ बाहेरून द्यावा, हा तर्क मुळांत चुकीचा नाहीं. परंतु तर्क निराळा आणि गुण निराळा.

आपल्या विदर्भांत आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल घ्या. यांत पेशी विळ्यासारखी वांकते. पेशीची संरक्षक शक्ति वाढविणाऱ्या एल-ग्लुटामिनला अमेरिकेंत २०१७ सालीं मान्यता मिळाली. २३० रोग्यांवरील ४८ आठवड्यांच्या प्रयोगांत वेदनेच्या झटक्यांचें मध्यमान तें न घेणाऱ्यांत चार, तर घेणाऱ्यांत तीन भरलें. लाभ खरा, पण बेताचा. मूळ दोष जागच्या जागींच.

थॅलसेमियांत वारंवार चढविलेल्या रक्तामुळें शरीरांत लोह सांचतें. 'क' जीवनसत्त्व हें सांचलेलें लोह मोकळें करतें. डेफेरॉक्सामिन हें लोह बाहेर काढणारें औषध चालू असतांना डॉक्टर तें कांहीं वेळां अल्प प्रमाणांत देतात, कारण मग लोह लघवीवाटे अधिक जातें. पण तें औषध चालू नसतां मोठी मात्रा घेतली, तर मोकळें झालेलें लोह हृदयालाच इजा करूं शकतें.

तिसरा दोष जी-६-पी-डी या विकराच्या उणिवेचा. यांत 'क' जीवनसत्त्वाची फार मोठी मात्रा, विशेषतः शिरेंतून दिलेली, रक्तपेशी फोडूं शकते. रक्षकच येथें भक्षक होतो!

अर्थात् जेवणांतल्या लिंबाच्या फोडीबद्दल मी बोलत नाहीं. प्रश्न आहे तो मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा. म्हणून आधीं मुलाच्या रोगाचें नेमकें नांव कागदावर लिहून घ्यावें. कोणतीही 'शक्तीची' बाटली फोडण्यापूर्वीं ती डॉक्टरांना दाखवावी. आणि तिच्या भरंवशावर हायड्रॉक्सियुरिया किंवा लोह काढणारें औषध मनानें बंद करूं नये.

वर्गांत कांहीं मुलें शेजाऱ्याच्या पाटीवरचें उत्तर उतरवितात. उत्तर बरोबरही असतें; पण गणित त्याचें असतें, आपलें नव्हे. तेथें फार तर एक गुण जातो. येथें मुलाचा जीव पणाला लागलेला असतो, एवढें ध्यानांत ठेवावें.