मातेवरचा आरोप



ऐन विशीतला मुलगा हळूहळू माणसांत मिसळेनासा होतो, नसलेले आवाज ऐकू लागतो, आपल्यावर कोणी पाळत ठेवली आहे म्हणतो. या रोगाला स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमानस म्हणतात. 'असे का झाले?' हा प्रश्न निघाला की लोकांची बोटे फार लवकर आईकडे वळतात. आज आम्ही त्या बोटांविषयीच बोलणार आहोत.

अमेरिकेत हा आरोप शास्त्राच्या नावाने झाला. जर्मनीतून तेथे गेलेल्या फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी १९४८ साली 'छिन्नमानस निर्माण करणारी माता' अशा अर्थाचा शब्द वापरला. १९५६ साली ग्रेगरी बेटसन व त्यांचे सहकारी यांनी 'दुहेरी पेचा'ची उपपत्ती मांडली. त्यांचे उदाहरण असे : बरा होत आलेला तरुण भेटीला आलेल्या आईच्या खांद्यावर हात टाकतो, तोच तिचे अंग आखडते. तो हात काढून घेतो, तर तिची तक्रार की याची माया आटली. मुलाने करावे तरी काय? पुढे १९६४ साली लेंग आणि एस्टरसन यांनी इंग्लंडातील अकरा कुटुंबांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या.

या मंडळींना आम्ही दुष्ट म्हणणार नाही. रोग्याच्या बोलण्यातही काही अर्थ असेल, असे मानून त्यांनी ते ऐकून घेतले, हे श्रेय त्यांचेच. पण एक साधी गोष्ट राहून गेली. असले पेच निरोगी मुलांच्या घरी नसतात काय? आणि आईच्या वागण्याने मुलगा आजारी पडला, की मुलाच्या आजाराने आईची अशी दशा झाली?

१९६६ साली लिओनार्ड हेस्टन यांनी कसोटी लावली. छिन्नमानस झालेल्या मातांपासून जन्मतःच दूर झालेली ४७ मुले त्यांनी मोठेपणी तपासली. त्यांपैकी ५ जणांना हाच रोग जडला होता. तशाच रीतीने परक्या हाती वाढलेल्या, पण निरोगी मातांच्या ५० मुलांत एकालाही तो नव्हता. म्हणजे आईच्या वागण्याचा वाराही न लागता रोग आला. वाट होती रक्ताची. तीही पूर्ण वाट नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला रोग झाला, तरी दुसरा पुष्कळदा सुटतो.

मग घराला काहीच महत्त्व नाही काय? आहे. जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांना लंडनमध्ये आढळले की, इस्पितळातून परतलेल्या रोग्याला घरी सतत टोचून बोलले, किंवा त्याच्याभोवती काळजीचा अतिरेक केला, तर रोग अधिक वेळा उलटतो. आग घराने लावली नसली, तरी वारा घालणे न घालणे घराच्या हाती असते. औषध चालू ठेवावे आणि बोलणे सौम्य ठेवावे.

या सभेत कदाचित एखादी माउली बसली असेल, जी रात्री स्वतःला विचारते, 'माझे कोठे चुकले?' बाई, हा रोग तुम्ही दिलेला नाही. अपराधाचे ओझे उतरवा. ते हात मुलाला लागणार आहेत.