एकवीस धावांचा भाऊ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, वारणानगर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला ‘मला घडवणारा माणूस’ हा विषय दिला आहे. मी माझ्या वडिलांविषयी, अण्णांविषयी बोलणार आहे. पण अण्णांविषयी बोलायचे तर विजय हजारेंविषयी बोलावेच लागेल. कारण अण्णांनी आम्हा भावंडांना उपदेश असा कधी केला नाही. काही सांगायचे असले की ते हजारेंची एखादी खेळी सांगत.

अण्णांना तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. कारखान्यात फिटर. शिफ्ट कोणतीही असो, रविवारी पांढरा सदरा घालून सायकलवरून कोडोलीच्या चर्चला जाणारच. आमच्याकडे प्रार्थना झाल्याशिवाय ताटाला कुणी हात लावत नसे. जे कधी आमच्या घरी जेवले असतील त्यांना आठवत असेल, समोर मटणाचा रस्सा निवत असायचा आणि अण्णांच्या प्रार्थनेत अजून शेजारीपाजारीच चाललेले असायचे!

आपण नववीत होतो. बाहेरच्या एका वक्तृत्व स्पर्धेचा अर्ज आला होता. त्यात धर्माचा रकाना होता. दोन-तीन नावे छापलेली आणि शेवटी ‘इतर’. मी ‘इतर’पुढे खूण केली. मागच्या बाकावरून आवाज आला, “तू इतर व्हय रं?” वर्ग हसला. तो मुलगा आज इथे समोरच बसला आहे आणि तो माझा जिवलग मित्र आहे, म्हणून नाव सांगत नाही. पण त्या दिवशी ते फार लागले. घरी येऊन मी जाहीर केले, “मी स्पर्धेला जाणार नाही.”

अण्णा कामावरून येऊन हाताचे ग्रीस धूत होते. म्हणाले, “बस. हजारे पण ‘इतर’मध्येच खेळायचे.”

विजय सॅम्युएल हजारे. जन्म ११ मार्च १९१५, आपल्या शेजारच्या सांगलीत. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळामास्तर, भावंडे आठ. त्या काळी मुंबईत धर्मावर संघ पाडून क्रिकेट खेळत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि १९३७ पासून पाचवा संघ ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. ख्रिस्ती खेळाडू या उरलेल्यांत. गांधीजींना अशी धर्मावरची विभागणी पसंत नव्हती आणि पुढे १९४६ मध्ये ती स्पर्धा बंदच झाली.

डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर या ‘इतरां’चा अंतिम सामना हिंदू संघाशी झाला. हिंदूंनी ५८१ धावा केल्या, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ १३३ मध्ये गुंडाळले गेले, त्यातल्या ५९ हजारेंच्या. फॉलोऑन मिळाला आणि पुन्हा साठ धावांत पाच गडी बाद. मग विजय हजारे आणि त्यांचा भाऊ विवेक यांनी ३०० धावांची भागीदारी केली. संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारेंच्या!

अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते. माझे आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर. तिथल्या आवारात कुणीतरी पेपर मोठ्याने वाचला, तो धावफलक अण्णांना जन्मभर पाठ होता.

मी विचारले, “मग जिंकले का?”

“हरले. एक डाव आणि एकसष्ट धावांनी.”

मी गप्प. अण्णा म्हणाले, “आता मला सांग, त्या तीनशेत विवेकच्या किती?” मला काय ठाऊक? “एकवीस. पण तो तिथं उभा राहिला नसता, तर तीनशे नऊ कुठले झाले असते?”

मी स्पर्धेला गेलो. नंबर आला नाही. घरी आल्यावर अण्णांनी एवढेच विचारले, “भाषण पुरं केलंस ना?”

पुढे बाकीच्या खेळी कळत गेल्या. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११६ आणि १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. पहिल्या डावात आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या दत्तू फडकरांनीही शतक ठोकले. तरी भारत डावाने हरला. १९५२ मध्ये लीड्सला दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद असताना कर्णधार हजारे मैदानात उतरले. त्या डावातही पुढे फडकरच त्यांच्या साथीला उभे राहिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तोही हजारेंच्या नेतृत्वाखाली. या पहिल्या विजयासाठी भारताला १९३२ पासून वीस वर्षे वाट पाहावी लागली होती. अण्णा म्हणत, “देवाच्या घरी उशीर असतो, विसर नसतो.”

१८ डिसेंबर २००४ ला हजारे बडोद्यात वारले. वय ८९. त्या नाताळच्या जेवणाआधी अण्णांनी घरातल्या दिवंगतांबरोबर त्यांचेही नाव घेतले. आयुष्यात कधी भेट नव्हती, पण नातवंडांनाही त्यात काही नवल वाटले नाही.

अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षे जगले. त्यांच्या नावावर मोठी धावसंख्या नाही. पण आम्हा चौघांची शिक्षणे त्यांच्या ओव्हरटाइमवर झाली. आई अकरा वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिची वेणी अण्णा घालत. आधी वाकडीतिकडी यायची, पुढे माझ्या बहिणीपेक्षा चांगली येऊ लागली. एकदा मी म्हटले, “अण्णा, बाई ठेवू या.” ते म्हणाले, “मी अजून आउट झालेलो नाही.”

ते गेले त्या दिवशी तुमच्यापैकी कितीतरी जण काम टाकून आलात. शवपेटी घरातून निघाली तेव्हा पहिला खांदा कुणी दिला, सांगू? “तू इतर व्हय रं?” म्हणणाऱ्याने. कबरीवर माती टाकून झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि बराच वेळ नुसता हात धरून उभा राहिला. नववीतले ते वाक्य त्याच्याही लक्षात होते, हे मला तेव्हा कळले. मित्रा, तो हिशेब त्याच दिवशी मिटला.

आज आपल्यात कुणी डॉक्टर आहे, कुणी कारखान्यात मोठ्या पदावर आहे, कुणी उत्तम शेती करतो. आपापल्या तीनशे नऊ आपण सांगतो आणि जरूर सांगाव्यात. पण समोरच्या टोकाला एकवीस धावांवर कुणीतरी उभे होते. माझ्यासाठी ते अण्णा होते. आणि आपल्या सगळ्यांसाठी या व्यासपीठावर बसलेले हे गुरुजन होते.

सर, बाई, तुम्ही विकेट टाकली नाहीत, म्हणून आमच्या धावा झाल्या.