टाकीतलं पाच लिटर पाणी

विमानाच्या इंधनात पाणी सापडलं म्हटलं, की पहिला संशय भेसळीचा येतो. पण जेट इंधन रॉकेलच्याच जातीचं. हवेतला दमटपणा ते थोडाफार शोषून घेतंच. टाकी गार पडली, की विरघळलेलं पाणी वेगळं होतं आणि जड म्हणून तळाशी बसतं. ते तळाच्या झडपेतून काढून टाकतात आणि नमुना काचेच्या बरणीत घेऊन उजेडात धरतात. यातही एक गोम आहे. बरणीत नुसतं पाणीच आलं, तर इंधन आणि पाणी यांमधली रेघ दिसत नाही; नमुना कसा स्वच्छ दिसतो!

हे झालं तळाशी साचलेल्या पाण्याचं. न साचलेल्याचं काय?

17 जानेवारी 2008. बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 777 लंडनच्या हीथ्रोवर उतरत होतं. जमीन जेमतेम 700 फुटांवर आली आणि आधी उजव्या, मग काही सेकंदांत डाव्या इंजिनाचा जोर ओसरला. कॅप्टननं पंखांचे फ्लॅप थोडे वर घेतले, म्हणून विमान आणखी थोडं पुढे तरंगलं आणि धावपट्टीच्या सुमारे 330 मीटर अलीकडे गवतात आदळलं. आत 152 माणसं होती. सगळी वाचली.

टाक्यांत इंधन शिल्लक होतं, तपासणीत ते नियमांत चोख बसलं. निघताना टाक्यांत असलेल्या सुमारे 79 टन इंधनात पाणी फार तर पाच लिटर असावं, असा तपास अधिकाऱ्यांचा अंदाज. वाटेत इंधन उणे 34 अंशांपर्यंत उतरलं होतं. ते गोठलं नाही, पण त्यातलं पाणी गोठलं. इंधन तासन्‌तास संथ वाहत असताना बर्फाचे कण नळ्यांना आतून चिकटत गेले. उतरताना इंजिनांनी जास्त इंधन ओढलं, थर सुटला आणि इंधन जिथे गरम तेलानं तापतं, त्या यंत्राच्याच तोंडाशी अडकला. ऊब मिळायची तिथेच वाट बंद! त्या काळच्या नियमांनी हा धोका धरलेलाच नव्हता. तेव्हा दोष इंधन भरणाऱ्यावर ढकलून मोकळं होता येत नाही.

तपासात बर्फ काही हाती लागला नाही, तो वितळून गेला होता. प्रयोगशाळेत इंधनात पाणी घालून तो मुद्दाम तयार करावा लागला. इंधन तापवणाऱ्या त्या यंत्रातल्या बारीक नळ्यांची टोकं सुमारे चार मिलिमीटर पुढे आलेली होती. बर्फ त्यांत अडकू नये म्हणून नव्या रचनेत ती सपाट केली. तोवर वैमानिकांना सूचना होती: लांबच्या थंड प्रवासानंतर, खाली यायला लागण्याआधी, उंचावर असतानाच काही क्षण इंजिनांचा जोर वाढवायचा आणि साठलेला बर्फ तिथेच सोडवून घ्यायचा.