बाजार एक, मग मजुरी दोन का?

(बेंगळुरू येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आम्हाला आज विषय दिला आहे तो 'सामायिक बाजारपेठेतील देश आणि कामगारांचे हक्क' असा. विषय ऐकताच मागच्या रांगेतले दोघे-तिघे चहाला निघाले होते, त्यांना आम्ही मुद्दाम बसवून घेतले आहे. हा विषय युरोपचा आहे, तितकाच या बेंगळुरूचा आहे आणि आपल्या युनियनचाही आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने रूळदुरुस्तीच्या कामावर ओडिशाची चौदा माणसांची टोळी आणली. स्थानिक ठेका मजुरांपेक्षा त्यांना रोज कमी. आपले सभासद चिडून ऑफिसात आले, म्हणाले यांना हाकला. आम्हीही तसेच निवेदन लिहिले, 'बाहेरचे मजूर नकोत'. त्याच आठवड्यात त्या टोळीतला एक जण हजेरीचे कार्ड घेऊन आमच्या दारात उभा राहिला. दोन महिन्यांचे पैसे अडकले होते. आम्ही त्याला सांगितले, तुम्ही आमचे सभासद नाही. टोळी गेली. आणि महिन्याभरात ठेकेदाराने स्थानिक मजुरांचा रोज त्याच खालच्या दरावर आणून ठेवला!

१९७९ सालचा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तेव्हा लागू होता. पाच किंवा अधिक मजूर परराज्यातून आणले, तर त्याच कामाला स्थानिकाइतकेच वेतन, शिवाय पासबुक, विस्थापन भत्ता, जाण्यायेण्याचे भाडे, हे सगळे त्यात लिहिलेले होते. 'हाकला' लिहिण्याऐवजी 'सारखा रोज द्या' लिहायचे होते. कायदा कपाटात होता. आम्ही तो वाचलाच नव्हता.

आता युरोपकडे या. १९५७ साली सहा देशांनी रोम येथे करार करून सामायिक बाजारपेठ उभी केली. आज त्यात सत्तावीस देश आहेत. माल, भांडवल, सेवा आणि कामगार यांना सरहद्द मोकळी. पण मजुरीचे दर ज्या त्या देशाचे वेगळेच राहिले. २००४ साली लॅटव्हियाच्या एका कंपनीने स्वीडनमध्ये वॅक्सहोल्म गावी शाळेच्या बांधकामाचा ठेका घेतला आणि मजूर लॅटव्हियाहून आणले. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही, दर युनियनच्या करारातून ठरतात. बांधकाम युनियनने कंपनीकडे करार मागितला. कंपनीने नाकारला. युनियनने कामाच्या जागेची नाकेबंदी केली, वीज कामगारांनीही सहानुभूती म्हणून काम बंद ठेवले. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेले. १८ डिसेंबर २००७ रोजी निकाल लागला: लढा देण्याचा हक्क मूलभूत आहे खरा, पण ही नाकेबंदी कंपनीच्या सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्याच्या आड येते. पुढे स्वीडनच्या श्रम न्यायालयाने युनियनलाच नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च भरायला लावला. म्हणजे एका हाताने हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने बिल!

तिथल्या युनियन गप्प बसल्या नाहीत. दहा वर्षे झगडल्यावर २०१८ साली नियम बदलला. परदेशातून पाठवलेल्या कामगाराला पूर्वी फक्त किमान दराची हमी होती, आता काम जिथे होते तिथल्या पूर्ण मोबदल्याची आहे. २०२० च्या जुलैअखेरपासून तो नियम लागू झाला.

आपल्या लोको पायलट बंधूंसाठी एक गोष्ट जास्त सांगतो. सरहद्द ओलांडून जाणाऱ्या गाड्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी युरोपातल्या रेल्वे आणि कामगार महासंघ यांनी २००४ साली आपसात करार केला आणि २००५ साली त्याचाच कायदा झाला. दिवसपाळीत गाडी चालवणे नऊ तासांपेक्षा जास्त नाही, रात्रपाळीत आठ. घरी सलग बारा तास विश्रांती. एक विश्रांती बाहेरगावी झाली, की पुढची घरीच. आपल्या रनिंग रूममध्ये हे वाचून दाखवा आणि लोकांचे चेहरे बघा.

टपालवाल्यांनी हसू नये. २००८ च्या युरोपीय आदेशाने पत्रवाटपाची मक्तेदारी संपवली आणि खासगी कंपन्या आत आल्या. आपल्याकडेही १८९८ च्या कायद्यातला पत्रे नेण्याचा एकाधिकार २०२३ च्या टपाल कायद्यात राहिलेला नाही. तुमच्याच बीटमध्ये कुरिअरचा पोरगा काय रोजावर फिरतो, हे कधी विचारले आहे का?

तर आपला देश. घटनेच्या ३०१ कलमाने व्यापार देशभर मोकळा. १ जुलै २०१७ पासून करही एक. माल बिनधास्त फिरतो. मजूर मात्र कसा फिरतो ते २०२० च्या मे महिन्यात याच शहराने दाखवले. टाळेबंदीत मजूर गावी जाऊ लागले. चिक्कबाणावर आणि मालूरहून श्रमिक गाड्या सुटत होत्या, आपलेच लोक त्या चालवत होते. ५ मे रोजी मुख्यमंत्र्यांची बिल्डरांशी बैठक झाली आणि त्याच दिवशी राज्य सरकारने रेल्वेला पत्र लिहिले, गाड्या नकोत. बांधकामे सुरू व्हायची होती, माणसे हवी होती. देशभर ओरड झाली तेव्हा दोन-तीन दिवसांत निर्णय फिरवावा लागला. रेक तयार, स्टाफ तयार, आणि प्रवासी मात्र इमारतीच्या सळ्या वाकवायला थांबवलेला.

त्याच आठवड्यात, ८ मे रोजी पहाटे, जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. मध्य प्रदेशची गाडी मिळेल या आशेने. करमाडजवळ रुळांवरच झोप लागली. मालगाडीच्या चालकाने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला. सोळा जण गेले. यावर आम्हाला अधिक बोलवत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा गेला. नव्या संहितेत स्वतःहून आलेला मजूरही धरला आहे, रेशन दोन्हीपैकी कोणत्याही राज्यात घेण्याची सोय लिहिली आहे. हे चांगलेच. पण पाचाचे दहा मजूर केले आणि विस्थापन भत्ता वगळला. राज्याराज्यांत तर कामाचे तास वाढवण्याची शर्यत लागली आहे. कर्नाटकाने २०२३ साली कारखान्यात दिवसाला बारा तासांची वाट मोकळी केली, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात तसाच निर्णय घेतला. कारखाना तिकडे जाईल, या भीतीने इकडचा कायदा ढिला होतो.

म्हणून शाखेने ठरवले आहे की दर रविवारी सकाळी दहा ते एक युनियन ऑफिसात ठेका मजुरांसाठी टेबल राहील, तो कोणत्याही राज्याचा असो. हजेरी कार्डाची आणि पगार पावतीची नक्कल तिथेच काढून फाइलला लावली जाईल. अर्ज हिंदी, कन्नड आणि उडियात छापले आहेत. उडिया वाचता येणारा एक माणूस टेबलावर हवा आहे. कुणी असेल तर सभा संपल्यावर खजिनदारांकडे नाव द्यावे.