वेळेआधी पोहोचा, जागा सोडू नका



मुख्याध्यापिका बाईंनी मला विषय दिलाय, नौदलातली संधी आणि नंतरचं आयुष्य. त्यावर बोलतोच. पण समोर शिपाईमामा बसलेत. मामा, चिंचेला टांगलेल्या त्या रुळाच्या तुकड्यावर तुमचा टोला पडायच्या आत वर्ग उघडलेले आणि माठ भरलेले असायचे. तुमच्या आधी शाळेत पोहोचलेला मुलगा मी तरी पाहिला नाही. मामांशेजारी आमचे पीटीचे सर आहेत. पाठीला सुका भोपळा बांधून सरांनी आम्हाला कृष्णेत उतरवलं. इथल्या कितीतरी मुलांचे वडील त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकले. शेवटचा मुलगा घाटाची पायरी चढेपर्यंत सर पाण्यातून बाहेर यायचे नाहीत. हाका मारून मारून त्यांचा आवाज बसायचा, पण सर जागचे हलायचे नाहीत.

1983 साली मी नौदलात गेलो. ओडिशात चिल्का सरोवराकाठी पहिलं प्रशिक्षण झालं आणि मग लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत इंजिनांचं. पुढे तारागिरीवर नेमणूक मिळाली. ही फ्रिगेट आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 1980 मध्ये नौदलात दाखल झालेली. ती वाफेवर चालायची आणि आमचं काम बॉयलर रूममध्ये असायचं.

तिथला वॉच, म्हणजे पाळी, कसा बदलतो ते सांगतो. रात्री बारा ते चारच्या वॉचला मिडल वॉच म्हणतात. बाराचा वॉच म्हणजे पावणेबाराला खाली हजर. आल्याबरोबर गेज ग्लासमधली पाण्याची पातळी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं तर ट्यूबा तापून फुटतात, म्हणून दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबायचं नाही. फीड पंपाच्या बेअरिंगवर हात ठेवून ते किती गरम आहे ते बघायचं. लॉगबुक वाचायचं. एवढं झालं की ज्याचा वॉच संपतोय त्याला सांगायचं, "जा." त्याआधी तो हलत नाही. तो दमलेला असतो, घामाने निथळत असतो, पण जागा सोडत नाही.

मुलांनो, मला तुम्हाला हेच सांगायचंय. ज्याची जागा घ्यायची, त्याच्याकडे वेळेआधी पोहोचा. आपली जागा घेणारा आल्याशिवाय जागा सोडू नका. मामांचं आणि सरांचं असं वागणं मी लहानपणीच पाहिलं होतं, म्हणून जहाजावर ते जड गेलं नाही.

1998 मध्ये करार संपवून मी परतलो. वय तेहतीस, घरात दोन मुलं. पुन्हा परीक्षेला बसलो, बॉयलर अटेंडंटचं फर्स्ट क्लास प्रमाणपत्र घेतलं आणि साखर कारखान्यात लागलो. समुद्र सुटला, तेलाच्या जागी उसाचं बगॅस आलं, पण गेज ग्लास तोच होता. बॉयलर पेटवून अग्निप्रदीपन झालं की हंगाम संपेपर्यंत बॉयलरला रात्र-दिवस नसतो. माझ्या शिफ्टला आलेली तरुण पोरं पहिल्या हंगामात बरोबर वेळेवर यायची. दुसऱ्या हंगामापासून ती वेळेआधी येऊ लागली. त्यातली दोघं आज मागच्या रांगेत पालक म्हणून बसली आहेत.

भरतीचं थोडक्यात सांगतो. दहावीनंतर एमआर म्हणजे मॅट्रिक रिक्रूट, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असेल तर एसएसआर म्हणजे सिनियर सेकंडरी रिक्रूट. आता अग्निवीर म्हणून चार वर्षं, त्यातून जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम होतात. मुलींनो, मार्च 2023 मध्ये चिल्काहून बाहेर पडलेल्या पहिल्या अग्निवीर तुकडीत मुलीही होत्या, हे लक्षात ठेवा. बाकीचं विचारायला केव्हाही घरी या.

निवृत्तीनंतर मी दोन कामं धरली. नोव्हेंबरात दिवंगत माजी सैनिकांच्या पत्नींचे हयातीचे दाखले भरून देतो. नवऱ्याच्या नोंदीत नाव एक आणि आधारकार्डावर दुसरं, एवढ्यावरून एखाद्या माउलीची पेन्शन अडते. तिच्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बसायला कुणीतरी लागतं, आणि काम होईपर्यंत बसावं लागतं.

दुसरं काम नदीचं. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला पुरात बोट उलटली, तो दिवस आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्या पुरात नौदलाच्या तुकड्याही आल्या. पण बाहेरची मदत येईपर्यंतचा वॉच गावालाच करावा लागतो. म्हणून पावसाळ्याआधी मी पोरांना घाटावर शिकवतो. बोटीत किती माणसं बसवायची हे पाण्यात उतरण्याआधी ठरवा. लाइफ जॅकेट काठावरच घाला. बोट भरली की कितीही ओळखीचा असला तरी एकही जादा माणूस घेऊ नका. त्याला सांगा, "मी परत येतोय," आणि परत याच. पलीकडे वाट बघणारा तुमच्या शब्दावर थांबलेला असतो.

सरपंच साहेब, तुम्ही समोर आहात म्हणून सगळ्यांदेखत मागतो. ग्रामपंचायतीच्या बोटीची आणि जॅकेटांची तपासणी पूर आल्यावर नको, मे महिन्यात करू. बाई, नववीच्या मुलामुलींना रविवारी सकाळी सहाला घाटावर पाठवा. मुलांनो, ज्यांना पोहता येत नाही त्यांनी आधी या. मी साडेपाचला तिथे असेन आणि तुमच्यातला शेवटचा पाण्याबाहेर आल्यावरच घरी जाईन.

जय हिंद, जय महाराष्ट्र!